विश्लेषण : पेशीतील ‘कायनेज’ना आवर कोण घालते? कुलूप तुटले तर काय होते?

पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे हे ठरवण्यात ‘प्रोटीन कायनेज’ या विकरांचा (एन्झाइम) मोठा वाटा असतो. यांपैकी एकाचे जरी कुलूप तुटले, तरी रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. हे कुलूप कसे असते आणि औषधांनी ते पुन्हा कसे लावले, याविषयी...

कायनेज काय करते?

एटीपी या रेणूतील फॉस्फेट काढून ते दुसऱ्या प्रथिनावर बसवणे, हे कायनेजचे काम. त्यामुळे त्या प्रथिनाचे काम सुरू होते किंवा थांबते. फॉस्फटेज विकरे हे फॉस्फेट पुन्हा काढून टाकतात. या यंत्रणेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत.

पेशी त्यांना आवर कसा घालते?

एकच पद्धत नाही. पेशी विभाजनातील काही कायनेज ‘सायक्लिन’ हा जोडीदार मिळाल्याशिवाय काम करत नाहीत. ‘प्रोटीन कायनेज ए’ला दुसरे प्रथिन अडवून ठेवते, अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकामुळे पेशीत ‘सायक्लिक एएमपी’ वाढले की ते सुटते. ‘एबीएल’ हे कायनेज तर स्वतःलाच बांधून ठेवते. त्याच्या टोकाचा मेदाम्लाचा तुकडा त्याच्याच खोबणीत बसतो आणि कुलूप लागते.

कुलूप तुटते कसे?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात (सीएमएल) ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. एबीएलचे ते टोक गळते, त्या जागी ‘बीसीआर’ प्रथिनाचा भाग जोडला जातो. हा भाग अनेक रेणूंना एकत्र आणतो आणि ते एकमेकांवर फॉस्फेट बसवत राहतात. परिणामी पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

औषध काय करते?

अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालेले इमॅटिनिब एटीपीच्या जागेत बसून एबीएलला बंद स्थितीतच अडकवते. रोजच्या गोळीवर अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. भारतात या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.

गोळी निकामी का ठरते?

एबीएलमधील ३१५ व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की इमॅटिनिबला तिथे बसता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेले अ‍ॅसिमिनिब म्हणूनच वेगळी जागा धरते. मेदाम्लाचा तुकडा ज्या खोबणीत बसायचा, तिथेच ते बसते. म्हणजे पेशीचेच जुने कुलूप पुन्हा लावले जाते.

मग आजार मुळापासून जातो का?

गोळी गुणसूत्रातील बिघाड दुरुस्त करत नाही, फक्त कायनेजला बांधून ठेवते. म्हणूनच बरे वाटू लागले तरी बीसीआर-एबीएलची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. आजार दीर्घकाळ पूर्ण आटोक्यात असलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतात. ती मनाने बंद केल्यास मात्र कुलूप पुन्हा उघडण्याचा धोका असतो.