नाचणी, कारळे आणि मलिक अंबर
(घरची शाळा : लेखांक ७)

पळस्पे फाट्यावर पुण्याचा रस्ता सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा करत मुरूड गाठता येतं. पुढे राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. आपल्याकडची कितीतरी मुलं हा किल्ला पाहून येतात. सिद्दी म्हणजे स्वराज्याचा शत्रू, एवढं त्यांना पाठ असतं. पण तो आला कुठून? आफ्रिकेचा इतिहास घरी शिकवायचा तर मी या प्रश्नापासून सुरुवात करीन.

लहान मुलांना मात्र आधी स्वयंपाकघरात न्या. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे इकडे आलेली. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, नाचणी पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली. कारळे इथिओपियाचे, तिथे आजही त्यांचं तेल काढतात. चटणीसाठी कारळे तव्यावर तडतडत असताना हे सांगावं आणि मग जमिनीवर नकाशा पसरून ज्या त्या मुलखावर ते ते दाणे मुलाच्या हाताने ठेवून घ्यावेत. चोपन्न देशांचा खंड एका रंगात रंगवायचा नसतो, हे त्याला तिथेच कळतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना मलिक अंबर सांगा. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालून नहर खणून शहराला पाणी दिलं. मराठा घोडदळाच्या जोरावर गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. शिवरायांची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलाला हा धागा सापडला की त्याचे डोळे चमकतात.

अंबरची कबर खुलताबादला आहे. तिथून वेरूळ अगदी जवळ. कैलास लेणं वरून खाली कोरत नेलं, हे मुलांना ठाऊक असतं. इथिओपियातल्या लालिबेला गावीही अशीच अख्ख्या खडकातून कोरलेली अकरा चर्च आहेत. दोन्हींची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवा. ज्या देशातून अंबर आला तिथे स्वतःची लिपी होती, राज्यं होती, स्थापत्य होतं, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

आता थोडं अवघड. अबुल हसनने काढलेल्या एका चित्रात बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. हे कधीच घडलं नाही. अंबर मोगलांच्या हाती न लागता १६२६ मध्ये, उतारवयात वारला. जहांगीर आपल्या आठवणींतही त्याला रंगावरून हिणवतो. चित्र दाखवून मुलांना विचारा, हरवता न आलेल्या माणसाला असं का रंगवावं वाटलं असेल? रंगावरून चिडवणं शाळेच्या मैदानातही चालतं, तेव्हा बोलणं तिकडे वळतंच. वळू द्या.

गुलामगिरीही टाळू नका. माणसं पकडून विकणारे परके व्यापारी होते, तसे विकत घेणारे दख्खनचे अमीरउमराव होते. जंजिऱ्याच्या सिद्दींनी कोकण किनारा लुटला, तोही इतिहासच. अंबर सांगताना तो झाकायचं कारण नाही.

पुढच्या आठवड्यात यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या सिद्दींकडे जाऊ.