हलका कण, मोठा अणू

पॉझिट्रॉनियम हा इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित प्रतिकण पॉझिट्रॉन यांचा अल्पजीवी अणू. ‘ब्रिट’ या सरकारी किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या परळ येथील सायक्लोट्रॉनवर पेट स्कॅनसाठी फ्लोरिन-१८ तयार होते. त्यातून सुटलेले काही पॉझिट्रॉन रुग्णाच्या शरीरातच हा अणू बनवतात. पुढे दोन्ही कण एकमेकांना नष्ट करतात आणि निघालेले गॅमा किरण स्कॅनर टिपतो.

गैरसमज: प्रोटॉनच्या जागी १,८३६ पट हलका पॉझिट्रॉन आला, म्हणजे अणू हायड्रोजनपेक्षा लहान होणार.

वस्तुस्थिती: तो दुप्पट मोठा होतो. आकर्षण तेच, कुलोम्बचे. बदलते ते गणितात धरायचे वस्तुमान, म्हणजे दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज. हायड्रोजनमध्ये ते जवळपास इलेक्ट्रॉनएवढे भरते, इथे नेमके निम्मे. त्यामुळे श्रोडिंजरचे समीकरण नव्याने सोडवावे लागत नाही. हायड्रोजनच्याच उत्तरात लांबी दुप्पट आणि ऊर्जा निम्मी केली की झाले: ०.५३ अँगस्ट्रॉमचे १.०६ होतात, १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचे ६.८.

गैरसमज: वस्तुमान वाढले की ऊर्जापातळ्यांमधले अंतर त्याच पटीत वाढते.

वस्तुस्थिती: हा नियम कुलोम्बपुरताच. स्प्रिंगसारख्या बलात वस्तुमान चौपट केल्यास अंतर उलट निम्मे होते. विभव, म्हणजे कणांमधल्या अंतरानुसार ठरणारी स्थितिज ऊर्जा, त्या अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे बदलत असेल, तर वस्तुमानाचा पातळ्यांमधल्या अंतरावर परिणामच होत नाही. ही नुसती कागदावरची करामत नव्हे. चार्म क्वार्कच्या जोडीत पहिल्या दोन पातळ्यांमधले अंतर ५८९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) आहे आणि सुमारे तिप्पट जड बॉटम क्वार्कच्या जोडीत ५६३. याच साम्यावरून भौतिकशास्त्रज्ञ क्विग आणि रॉस्नर यांनी १९७७ मध्ये लॉगरिदमी विभव सुचवला. क्वार्कांमधले खरे बल तसे नाही, पण या जोड्यांच्या आकाराच्या टप्प्यात हा विभव चांगला जुळतो.

गैरसमज: उत्तरे अशी मोठी-लहान करता येतात, म्हणजे प्रत्येक केंद्रीय विभवात मापबदलाची सममिती आहे.

वस्तुस्थिती: वर तुलना झाली ती दोन वेगळ्या प्रणालींची. एकाच प्रणालीत लांबी ताणूनही समीकरणाचे रूप तेच राहते, ते फक्त विभव अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असताना. कारण गतिज ऊर्जाही तशीच घटते. अशा विभवाला स्वतःची लांबी नसते. आकर्षण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सर्वांत खालची पातळीच उरत नाही, म्हणून केंद्राजवळ वेगळी अट घालावी लागते. त्या अटीने सममिती अर्धवट मोडते आणि पातळ्या भूमितीय श्रेणीत येतात. तीन कणांसाठी भौतिकशास्त्रज्ञ एफिमॉव्ह यांनी १९७० मध्ये वर्तवलेली अशी श्रेणी बोसॉनांमध्ये दर पायरीला सुमारे २२.७ पट आकाराने वाढते; तिचा पहिला पुरावा २००६ मध्ये अतिशीत सीझियम अणूंमध्ये मिळाला.