महागडें खेळयंत्र घ्यावें कीं न घ्यावें?

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक प्रश्न निघाला आणि पुढें दोन महिने तो रोज जेवणाच्या वेळीं पानांबरोबर मांडला जाऊं लागला. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव यंदा चौदा वर्षांचे झाले. वाढदिवसास कपडे नकोत, घड्याळ नको, प्लेस्टेशन पांच हवें, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. बंधूंची प्राप्ति चांगली असल्यामुळें ते तत्काळ होकार देण्याच्या बेतांत होते. परंतु घरांत मुलें चार, आणि यंत्र मात्र एकाच्या नांवाचें व एकाच्या खोलींत राहावयाचें! मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. त्या बोलत नाहींत तेव्हां घरांतील शहाणीं माणसें सावध होतात.

मुलें ज्यास कन्सोल म्हणतात, त्यास या लेखापुरतें आम्ही खेळयंत्र म्हणूं. टीव्हीस जोडावयाचें व हातांत नियंत्रक धरून खेळावयाचें असें हें यंत्र पुष्कळ वाचकांच्या घरीं मागितलें जात असेल. म्हणून आम्हीं केलेला विचार येथें मांडीत आहों. त्यांतील हिशेब चुकला असल्यास ज्यानें त्यानें तो आपल्या घराप्रमाणें दुरुस्त करून घ्यावा.

वाद जुनाच, पण एक फरक

सुशिक्षित घरांत असा वाद प्रथमच होत आहे असें नाहीं. ग्रामोफोन घ्यावा कीं नाहीं, यावर आमच्या पणजोबांच्या पिढीनें वाद घातला. १९२७ सालीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झाल्यावर रेडिओविषयीं तोच वाद झाला. १९७२ च्या २ ऑक्टोबर रोजीं मुंबईस दूरदर्शन आलें तेव्हां तो तिसऱ्यानें झाला. योगायोग असा कीं, त्याच १९७२ सालीं अमेरिकेंत मॅग्नाव्हॉक्स कंपनीचें 'ओडिसी' हें घरगुती खेळाचें पहिलें यंत्र सुमारें शंभर डॉलरांस विकावयास आलें. तेव्हां या यंत्राच्या कुळास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. तें कालचें खूळ नव्हे.

परंतु एक फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. ग्रामोफोन एकदां लावला कीं साऱ्या घरास ऐकूं येतो. रेडिओपाशीं दहा माणसें बसलीं तरी अकरावें उपाशी राहत नाहीं. खेळयंत्राची गोष्ट तशी नाहीं. जितके नियंत्रक तितकेच खेळणारे. बाकीच्यांनीं पाहत बसावयाचें. शिवाय टीव्ही त्याच्या ताब्यांत गेला कीं घरांतील इतर सर्वांचे कार्यक्रम थांबतात. म्हणून हें यंत्र कोणासाठीं, कोणत्या खोलींत आणि कोणाच्या पैशांनीं घ्यावयाचें, हा प्रश्न त्याच्या किंमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

डब्यावरील किंमत आणि खरी किंमत

तरी आधीं पैशांचेंच पाहूं. प्लेस्टेशन पांच भारतांत २०२१ च्या २ फेब्रुवारीस विक्रीस आलें. तबकडी घेणाऱ्या यंत्राची किंमत त्या वेळीं ४९,९९० रुपये, आणि तबकडीची सोय नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. पन्नास हजार म्हटले म्हणजे आपण पन्नास हजारच धरतों. पण यंत्राबरोबर नियंत्रक एकच मिळतो. दुसरा त्या वेळीं ५,९९० रुपयांस होता. मोठ्या नव्या खेळाची एक तबकडी ४,९९९ रुपयांपर्यंत जाई. पहिल्या वर्षीं तीन घेतल्या तर १४,९९७ रुपये झाले. दूरच्या मित्रांशीं इंटरनेटवरून खेळावयाचें तर बहुतेक खेळांस निराळी वर्गणी लागते. ती तेव्हां वर्षास २,९९९ रुपये होती. बेरीज करतां पहिल्याच वर्षीं ७३,९७६ रुपये होतात. म्हणजे पन्नास हजारांची वस्तु पाऊण लाखाच्या घरांत जाते.

आतां हें यंत्र टिकतें किती? प्लेस्टेशन चार २०१३ सालीं निघालें आणि पांच २०२० सालीं. तेव्हां एका पिढीचें आयुष्य सात वर्षें धरण्यास हरकत नाहीं. पुढील सहा वर्षें दरसाल दोन खेळ आणि वर्गणी एवढाच खर्च धरला, तरी वर्षास १२,९९७ रुपये होतात. सात वर्षांची बेरीज सुमारें १,५२,००० रुपये, म्हणजे सरासरीनें वर्षास २१,७०० रुपये पडतात.

या आंकड्यास कोणी भिऊन जाऊं नये. त्यास तासांनीं भागावें. शनिवार-रविवारीं दोन-दोन तास खेळ झाला तर वर्षाचे सुमारें दोनशे तास होतात, आणि तासास १०८ रुपये पडतात. चौघांनीं मिळून तो वेळ घालविला तर माणशीं २७ रुपये. घरांत बसून इतकी स्वस्त करमणूक फारशी मिळावयाची नाहीं. परंतु पहिल्या दोन महिन्यांचा उत्साह ओसरून वर्षास चाळीसच तास खेळ झाला, तर तोच तास ५४० रुपयांवर जातो. यंत्र तेंच आणि पैसेही तेच. तें स्वस्त कीं महाग हें दुकानदार ठरवीत नसून घरांतील माणसें ठरवितात. विजेचा खर्च मात्र मनांत आणूं नये. मोठ्या खेळांत हें यंत्र साधारण दोनशे वॅट वीज घेतें. पांच तासांस एक युनिट.

थांबावें काय?

आमचे वडील बंधु काटकसरी आहेत. ते म्हणाले, "दोन वर्षें थांबा, किंमत निम्मी होईल." त्यांचें म्हणणें इतिहासास धरून होतें. १९९३ सालीं अमेरिकेंत थ्रीडीओ नांवाचें यंत्र सुमारें ७०० डॉलरांस निघालें, आणि थोड्याच काळांत त्याचा भाव कोसळला. प्लेस्टेशन तीनचें मोठें यंत्र २००६ सालीं ५९९ डॉलरांस होतें. २००९ सालीं त्याची नवी बारीक आवृत्ति २९९ डॉलरांस मिळूं लागली. निन्टेंडोनें २०११ च्या फेब्रुवारींत जपानांत थ्रीडीएस हें यंत्र २५,००० येनांस काढलें आणि ऑगस्टमध्यें १५,००० येनांवर आणलें. आरंभीं पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांची समजूत घालण्यासाठीं कंपनीस त्यांना वीस जुने खेळ फुकट द्यावे लागले.

परंतु या पिढींत ही रीति उलटली आहे. भारतांत ४९,९९० रुपयांस आलेलें यंत्र २०२२ च्या अखेरीस ५४,९९० रुपयांवर गेलें. अमेरिकेंत २०२० सालीं ४९९ डॉलर असलेली किंमत २०२५ च्या ऑगस्टमध्यें ५४९ डॉलर झाली. पूर्वीं दरसाल लहान व स्वस्त होत जाणारे यंत्राचे अंतर्भाग आतां तितक्या वेगानें स्वस्त होत नाहींत. त्यांत महागाई आणि चलनांचे चढउतार यांची भर पडली. तेव्हां केवळ भाव उतरेल या आशेनें थांबण्यांत आज अर्थ उरलेला नाहीं.

तरीही नवें यंत्र पहिल्या दिवशीं घेऊं नये, असेंच आमचें मत आहे. त्याचें कारण खेळ. नवें यंत्र येतें तेव्हां त्याच्यासाठींच केलेले खेळ मोजकेच असतात. संग्रह भरावयास दोन-तीन वर्षें लागतात. तोंवर जुन्या खेळांच्या वापरलेल्या तबकड्याही बाजारांत येतात. प्लेस्टेशन पांचवर प्लेस्टेशन चारचे बहुतेक सर्व खेळ चालतात, ही गोष्ट काटकसरी घरास मोठी सोयीची आहे.

अमेरिकेंतून कोणी आप्त येत असेल तर 'येतांना घेऊन ये' असें सांगण्याचा मोह आपल्याकडे फार. येथें जपून असावें. २०२४ च्या ७ नोव्हेंबरास निघालेलें प्लेस्टेशन पांच प्रो हें ७०० डॉलरांचें यंत्र त्या वेळीं भारतांत विकलेंच गेलें नाहीं. त्यांतील बिनतारी लहरींच्या एका पट्ट्यास येथें तेव्हां परवानगी नव्हती. निन्टेंडोचें स्विच दोन २०२५ च्या जूनमध्यें निघालें, तेव्हां त्याचीही येथें अधिकृत विक्री नव्हती. परदेशांतून आणलेलें यंत्र बिघडल्यास हमी कोणाकडे मागावयाची, हें आधीं विचारून घ्यावें.

तबकडी कीं बिनतबकडी?

बिनतबकडीचें यंत्र आरंभीं दहा हजारांनीं स्वस्त होतें, म्हणून अनेक जणांनीं तेंच पसंत केलें. आमच्या मतें एकत्र कुटुंबास ही काटकसर महाग पडते. तबकडी म्हणजे वाचनालयांतील पुस्तक. वाचून झालें कीं मावसभावास द्यावें, त्याचें आपण आणावें, नको झालें तर विकावें. इंटरनेटवरून विकत घेतलेला खेळ असा हातोहात देतां येत नाहीं आणि विकतां तर मुळींच येत नाहीं. चार घरांत मिळून आठ तबकड्या फिरल्या कीं तो फरक दोन वर्षांच्या आंत भरून निघतो.

मुलांविषयींची धास्ती

आतां मातोश्रींच्या मौनाकडे वळूं. त्यांची धास्ती पैशांची नव्हती. मुलगा हातचा जाईल ही होती. ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या सूचींत खेळाच्या व्यसनास विकार म्हणून स्थान मिळालें आहे. ही सूचि १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. परंतु तेथील व्याख्या पाहावी. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळास अधिक महत्त्व येणें, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणें, आणि हें साधारण वर्षभर चालणें, अशीं त्याचीं लक्षणें आहेत. रविवारीं दोन तास खेळणारा मुलगा त्यांत येत नाहीं. दार लावून मध्यरात्रीपर्यंत खेळणारा मुलगा मात्र त्या वाटेवर असूं शकतो. आणि दार लावतां येतें तें यंत्र स्वतःच्या खोलींत असेल तरच.

दोन गोष्टी वडील माणसांनीं स्वतः कराव्या. पहिली, खेळाच्या वेष्टणावरील वयाची खूण पाहावी. युरोपांत २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ अशा वयांच्या खुणा छापतात. अठराची खूण असलेला खेळ चौदा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठीं घरांत आणूं नये. दुसरी, मुलाचें खातें आपल्या खात्याखालीं उघडावें. मग खेळाचे तास आणि महिन्याचा खर्च यांवर यंत्रांतच मर्यादा घालतां येते. कित्येक खेळांत आंत शिरल्यावर नशिबाच्या पेट्या विकतात. बेल्जमनें २०१८ सालीं अशा पेट्यांस जुगार ठरविलें. आपल्या बँकेच्या कार्डाचा क्रमांक यंत्रांत ठेवूं नये हें उत्तम.

पंधरा दिवसांची परीक्षा

आमच्या वादाचा निकाल शेवटीं तर्कानें लागला नाहीं. वैशाखांत आमचे एक स्नेही पंधरा दिवस प्रवासास गेले आणि जातांना आपलें यंत्र आमच्याकडे ठेवून गेले. तें आम्हीं दिवाणखान्यांत मांडलें. पहिले चार दिवस मोठे वाईट गेले. नियंत्रक दोन, मुलें चार. पाळीवरून रडारड झाली, आणि मातोश्रींची संध्याकाळची मालिका बुडाली. पांचव्या दिवशीं वहिनींनीं भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावला, त्यांत मातोश्रींचा वेळ राखून ठेविला, आणि घर ताळ्यावर आलें.

स्नेह्यांच्या तबकड्यांत 'इट टेक्स टू' नांवाचा २०२१ सालचा खेळ होता. तो एकट्यास खेळतांच येत नाहीं; दोघांनीं एकमेकांस सांभाळून पुढें जावें लागतें. आमची पुतणी आणि तिचे काका तो रोज खेळूं लागले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं काढलेला 'राजी' हा खेळही होता. भावास सोडविण्यास निघालेल्या मुलीची ती कथा. तींत दुर्गा आणि विष्णु बोलतात. तो चालू असतां मातोश्री स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं मत दिलें नाहीं, पण खुर्ची मागितली.

दुसऱ्या आठवड्यांत खेळण्याचे तास आपोआप निम्म्यावर आले. आणि ज्यानें हट्ट धरला होता, तोच एके रात्रीं बंधूंस म्हणाला, "बाबा, माझ्या खोलींत नको. तिथें मी एकटाच असेन."

त्या एका वाक्यानें आमचा निर्णय झाला. गणपतीपूर्वीं यंत्र आलें. तें तबकडीचें आहे, घराच्या सामाईक खर्चांतून घेतलें आहे, आणि दिवाणखान्यांत आहे. वर्गणी आम्हीं घेतली नाहीं. ज्यांच्याबरोबर खेळावयाचें तीं माणसें घरांतच आहेत. वर्षास नवे खेळ दोनच. वार्षिक परीक्षेच्या आधीं दोन महिने नियंत्रक मातोश्रींच्या कपाटांत राहावयाचे, हें मुलांनीं कबूल केलें आहे. तें कितपत पाळलें जातें हें माघ-फाल्गुनांत कळेल.

वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. किंमत पाहण्यापूर्वीं घर पाहावें. बसावयास सामाईक जागा, ठरलेला वेळ आणि बरोबर खेळणारें माणूस, हीं तिन्ही असतील तर पाऊण लाखाचा खर्च सात वर्षांत जड वाटावयाचा नाहीं. यांतील एकही नसेल, आणि मुलास नुसतें गप्प बसविण्यासाठीं तें घ्यावयाचें असेल, तर तें फुकट मिळालें तरी महागच. शक्य असेल त्यानें आधीं पंधरा दिवस कोणाचें तरी मागून आणावें. आमच्या घराविषयीं जें आम्हांस दोन महिने वाद घालून कळलें नाहीं, तें त्या पंधरा दिवसांत कळलें.