रोबोटचे हात आणि बिलाची बेरीज

कराडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर असलेल्या आमच्या मलकापुरात १९८४ साली कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि तेव्हापासून पाटण, शिराळा, वाळव्याकडची माणसे पेशंटला घेऊन या रस्त्याने येत-जात आहेत. त्यांतली काही माझ्याकडेही डोकावतात. बँकेतून निवृत्त झालो तरी कर्जाचा सल्ला विचारायला येणे लोकांनी सोडलेले नाही. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘‘साहेब, पुण्या-मुंबईला रोबोटनं ऑपरेशन करत्यात म्हणं. घ्यावं का करून?’’

पहिला गैरसमज नावातच आहे. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला; त्याच्या मुळाशी वेठबिगारी हा अर्थ आहे. ऑपरेशन थिएटरमधला रोबोट असा वेठबिगारच आहे. अमेरिकेत २००० साली परवानगी मिळालेले ‘दा विंची’ यंत्र घ्या. सर्जन चार पावलांवर पडद्यासमोर बसतो, पोटातले दृश्य त्याला मोठे आणि खोलीसकट दिसते. त्याची बोटे जशी हलतील तशी पोटातली चिमुकली अवजारे वळतात. हाताचा कंप मात्र यंत्र गाळून टाकते. स्वतःच्या मनाने ते एक टाकाही घालत नाही. अंतराचेही बंधन उरलेले नाही. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या प्रा. जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईंचे पित्ताशय काढले. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधून जयपूरच्या रुग्णावर हृदयशस्त्रक्रिया झाली, तीही ‘एसएसआय मंत्रा’ या भारतीय बनावटीच्या यंत्राने.

हे कौतुकाचेच आहे. बँकेत लेजर पोस्टिंग मशीन आले तेव्हा युनियनचा विरोध होता, आणि ज्याची बेरीज कच्ची तो कारकून मशीनवरही कच्चाच राहिला. सर्जनचेही तसेच असावे, असे माझे मत आहे.

आता हिशेब. मलकापूरकरांना चोवीस तास नळाचे पाणी आहे आणि घरोघरी मीटर आहे, म्हणून हे आम्हाला चटकन समजेल. या यंत्राच्या अवजारांनाही मीटर असते. दा विंचीची बरीचशी अवजारे दहा वेळा वापरली की यंत्र ती स्वीकारायचेच नाही. २०२० पासून काहींची मुदत बारा ते अठरा वापरांपर्यंत वाढली. यंत्राची किंमत कोटींत, वर देखभालीचा वार्षिक करार. हे सारे शेवटी कुणाच्या तरी बिलात उतरते. विमा नियामकाने २०१९ साली बारा आधुनिक उपचारांच्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया घातली, त्यामुळे कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाही. पण त्यावर वेगळी कमाल मर्यादा घालता येते, आणि ती पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते. ती अक्षरे वाचायची माझी सवय सुटलेली नाही.

जास्त पैसे मोजून जास्त मिळते का? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला प्रोस्टेटच्या कॅन्सरचे रुग्ण दोन गटांत वाटून तपासले गेले. रोबोटच्या गटात रक्त कमी गेले, दवाखान्यातला मुक्काम कमी झाला. पण लघवीवरचा ताबा, संसारसुख यांत दोन वर्षांनंतरही दोन्ही गट सारखेच होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अनुभव तर उलटा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दुर्बिणीने वा रोबोटने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी साडेचार वर्षांनी रोगमुक्त होत्या ८६ टक्के. पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या होत्या हे खरे, परंतु छोटी चीर म्हणजे चांगले ऑपरेशन हे समीकरण तिथे साफ मोडले. आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या बायकांना हा कॅन्सर किती होतो, हे सांगायला नको.

परवा शिराळ्याकडचे एक शेतकरी आले होते. प्रोस्टेटची गाठ, आणि वीस गुंठे विकून रोबोटचे ऑपरेशन करायचे ठरवून बसलेले. मी त्यांना डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न सांगितले. अशी ऑपरेशने तुम्ही स्वतः किती केलीत? रोबोटशिवाय केले तर माझे नेमके काय बिघडेल? आणि बिलात रोबोटचा आकार वेगळा किती? त्यांनी खिशातली उसाच्या बिलाची पावती काढली, पाठीमागे ते तिन्ही लिहून घेतले आणि म्हणाले, ‘‘जमिनीचं गिऱ्हाईक सोमवारी यायचंय. त्याला आधी फोन करतो.’’