साठ आणि एकसष्ट : वेगमर्यादा नेमकी कुणाला बांधते?

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शेवटी एकांनी विचारलं, "सर, याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय?" म्हणून आज वेगमर्यादेचा कायदा घेतलाय. उदाहरणाला सातारा ते सांगली एवढा रस्ता पुरे.

साताऱ्याहून निघालात की उंब्रज, कराड करत पेठ नाक्यापर्यंत दुभाजक असलेला मोठा महामार्ग. नाक्यावर डावीकडे वळून आष्ट्यावरून सांगली. आता केंद्र सरकारची 6 एप्रिल 2018 ची अधिसूचना बघा. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी 100 किलोमीटर, बसला 90, ट्रक आणि मोटारसायकलला 80, रिक्षाला 50. नगरपालिका हद्दीत मोटारीला 70, बस, ट्रक, मोटारसायकल यांना 60, आणि रिक्षा तिथेही 50.

हे आकडे वाचून लोकांना वाटतं, शंभर हा आपला हक्क झाला. तसं नाही. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 112 काय म्हणतं? केंद्राने ठरवलेला आकडा हे छत आहे. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी त्या छताखाली, रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप बघून, आणखी कमी मर्यादा लावू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. केंद्राच्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर मोटारीला 120, पण आपल्याकडे तिथे सपाट भागात 100 आणि घाटात त्याहून कितीतरी कमी. अट अशी, की तसा फलक रस्त्यावर लावला पाहिजे. म्हणजे तुम्हाला बांधतं ते शब्दप्रमाण. आणि शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असेल, विश्वासाचा असेल तेव्हा. रस्त्याचं काम संपून सहा महिने झाले तरी "ताशी 20" चा फलक तसाच उभा असतो. मग पुढे शाळेसमोर खराखुरा 20 चा फलक आला तरी कुणी मानत नाही. फलक काढायला विसरणं ही मी किरकोळ चूक मानत नाही.

बरं, 60 ला निर्दोष आणि 61 ला गुन्हेगार, हे कसं? युबुलिडीस नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचं ढिगाऱ्याचं कोडं इथे आठवतं. धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलो तर तो ढीग राहत नाही तो नक्की कुठल्या दाण्याला? सांगता येत नाही. वेगाचंही तेच. एका किलोमीटरने रस्ता धोकादायक होत नाही. पण कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, कारण समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला तुमचा अंदाज बांधता आला पाहिजे.

रेघेच्या आत आहात म्हणून सुटलात, असंही नाही हं. कलम 184 धोकादायक वाहन चालवण्याचं आहे, आणि तिथे जागेचं स्वरूप, तिची स्थिती, वापर, रहदारी हे सगळं बघायला सांगितलंय. आपल्याकडचा ऊसाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वेग वीस. तुम्ही कायदेशीर 80 ने येताय. फरक साठचा, म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. ट्रॉली पन्नास मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद. त्यातला एक पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. बिनदिव्याचा ट्रॅक्टरवाला दोषी आहेच. पण "मी ऐंशीच्या आत होतो" हे तुमचं पूर्ण उत्तर होत नाही.

आता प्रमाणांकडे येऊ. कलम 183 चं तिसरं पोटकलम मला फार आवडतं. एकच साक्षीदार म्हणाला, "माझ्या मते गाडी फार जोरात होती," तर तेवढ्यावर शिक्षा होत नाही. त्याचं मत यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेलं हवं. 2019 च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणही आलं. का? आपल्याला वाटतं वेग डोळ्यांना दिसतो, प्रत्यक्ष आहे. खरं तर आपण आवाज, धूळ आणि आपली भीती यांवरून अनुमान करतो. सायलेन्सर काढलेली बुलेट तीसच्या वेगातही गाव गोळा करते. (हशा) नैयायिक विचारेल, आवाज तिथे वेग, ही व्याप्ती सिद्ध कुठे झाली?

याच कलमाची दुसरी दोन पोटकलमं फारशी कुणी वाचत नाही. पहिलं म्हणतं, आपल्या नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला मर्यादा मोडायला लावणाराही तेवढ्याच दंडाला पात्र. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम किंवा जड प्रवासी वा मालवाहू वाहनाला दोन ते चार हजार. चौथं त्याहून पुढे जातं. तुम्ही वेळापत्रक छापलंत, किंवा "अमुक वेळेत पोच" असा हुकूम दिलात, आणि मर्यादा न मोडता ते शक्यच नाही असं न्यायालयाला वाटलं, तर तो कागद किंवा तो हुकूमच तुमच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा.

तासगावहून द्राक्षं घेऊन टेम्पो वाशीला निघतो. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. कुठेही न थांबता सतत 80 ने गेला तरी साडेचार तासांच्या जवळ. वाटेत टोल, जेवण, खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस आकाराचं वळण, जिथे वर्षानुवर्षं अपघात झाले, पुढे खंडाळ्याचा घाट. आणि मालक फोनवर म्हणतो, "पाच तासांत पोचायला पाहिजे, बाजार चुकेल." मालकाचीही अडचण खरी आहे, माल नाशवंत आहे. पण अपघात झाला की आपण चालकाचं वय विचारतो, तो प्यायला होता का विचारतो. तो फोन कुणी केला होता, हे विचारत नाही. कॅमेऱ्याचं चालान मालकाच्या मोबाइलवर येतं आणि पुष्कळदा चालकाच्या पगारातून वळतं होतं. कायद्याने जबाबदारी दोघांवर टाकलीय. पैसे मात्र एकाच्याच खिशातून जातात.

मध्यंतरी शहरात "दहा मिनिटांत घरपोच" अशा जाहिराती दिसायच्या. हे चौथ्या पोटकलमातलं वेळापत्रक म्हणायचं का? माझं मत, हा प्रश्न न्यायालयापुढे जायला हवा. तुमच्यात वकील मंडळी असतील, त्यांनी आता बोलावं. उपमान राहिलंय, ते पुढच्या वेळी घेऊ.