‘गुरुत्वमध्य’ ही संज्ञा आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचा आराखडा

स्थितिकीमध्ये दृढ पदार्थाचा विचार करताना एक मोठी सोय करून घेतलेली असते. पदार्थाच्या प्रत्येक कणावर पृथ्वीची ओढ निराळी असते. त्या असंख्य ओढींऐवजी एकाच बिंदूतून जाणारे एकच बल घेतले, तरी समतोलाचे सर्व प्रश्न सुटतात. ह्या बिंदूस आपण ‘गुरुत्वमध्य’ म्हणतो. संज्ञा सुटसुटीत आहे. परंतु तिच्यातील उत्तरपद अभ्यासकाला चकविते. मध्यान्ह, मध्यरात्र, मध्यबिंदू अशा शब्दांमुळे ‘मध्य’ म्हटले की अलीकडे जितके तितकेच पलीकडे, असा अर्थ आपल्या मनात रुजलेला असतो. म्हणून गुरुत्वमध्यातून रेषा काढली की दोन्ही बाजूंस सारखेच वजन येणार, अशी समजूत पदवीधरांमध्येही आढळते. ती चुकीची आहे.

साधा त्रिकोण घ्यावा. त्याच्या मध्यगा ज्या बिंदूत मिळतात, त्या मध्यगासंपाताची उंची पायापासून एकतृतीयांश असते. त्या बिंदूतून पायास समांतर रेषा काढली असता वरचा भाग एकूण क्षेत्रफळाच्या ४/९ आणि खालचा ५/९ भरतो. वजने सारखी नाहीत, तरीही त्रिकोण त्या रेषेवर तोलून राहतो. कारण वरच्या भागाचा स्वतःचा मध्य रेषेपासून अधिक दूर आहे: दोन्ही अंतरांचे प्रमाण १० ला ८ असे येते आणि ४ × १० हे ५ × ८ इतकेच होतात. सारखे असावयास हवे ते वजन नव्हे, तर वजन आणि अंतर ह्यांचा गुणाकार. ह्या गुणाकारास ‘परिबल’ म्हणतात. शेतकऱ्याची कुऱ्हाड बोटावर तोलली तर आधार पात्याच्या बाजूस जवळ द्यावा लागतो, त्याचेही कारण हेच.

येथे तीन कल्पना वेगळ्या ठेवावयास हव्यात. वस्तुमानमध्य हा द्रव्याच्या वाटणीवर अवलंबून असतो; गुरुत्वमध्य हा त्या द्रव्यावरील ओढीवर; आणि आकृतीचा मध्य हा केवळ आकारावर. ओढ सर्वत्र सारखी असेल तर पहिले दोन एक होतात. घनताही सर्वत्र सारखी असेल तर तिसराही त्यांना येऊन मिळतो. नेहमीच्या आकाराच्या वस्तूंबाबत पहिली अट व्यवहारतः पाळली जाते, म्हणून हा भेद सहसा नजरेआड होतो.

आता मध्य शोधण्याची रीत पाहू. फर्दापूरजवळील अजिंठ्याच्या लेण्यांपैकी दहावे लेणे हे तेथील सर्वांत प्राचीन चैत्यगृह होय. त्याची लांबी ३०.५ मीटर व रुंदी १२.२ मीटर अशी दिली जाते. दर्शनी बाजू सरळ आणि स्तूपाकडील टोक गोलाकार आहे. हे टोक बरोबर अर्धवर्तुळ मानले, तर त्याची त्रिज्या ६.१ मीटर येते आणि लांबी त्रिज्येच्या नेमकी पाचपट भरते. म्हणजे आराखडा असा: चार त्रिज्या लांब व दोन त्रिज्या रुंद आयत, आणि त्यापुढे अर्धवर्तुळ. लेणे ही पोकळी असल्यामुळे तिला वस्तुमान नाही. येथे विचार करावयाचा तो ह्या आराखड्याप्रमाणे कापलेल्या एकसारख्या जाडीच्या पुठ्ठ्याचा.

त्रिज्या हेच एकक धरू. आयताचे क्षेत्रफळ ८, आणि त्याचा मध्य द्वारापासून २ अंतरावर. अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ पायच्या निम्मे, म्हणजे १.५७१. त्याचा मध्य काढण्यास अलेक्झांड्रियाच्या पॅपसचा सिद्धान्त उपयोगी पडतो: आकृती एखाद्या अक्षाभोवती फिरविली असता जो घन तयार होतो, त्याचे घनफळ म्हणजे आकृतीचे क्षेत्रफळ गुणिले तिच्या मध्याने आक्रमिलेला मार्ग. अर्धवर्तुळ व्यासाभोवती फिरविले की गोल होतो. गोलाचे घनफळ ठाऊक असल्याने मध्याचे व्यासापासूनचे अंतर ४ भागिले ३ पाय, म्हणजे ०.४२४ येते. द्वारापासून ते ४.४२४ झाले.

परिबलांची बेरीज: ८ × २ = १६; १.५७१ × ४.४२४ = ६.९५, एकूण २२.९५. एकूण क्षेत्रफळ ९.५७१. भागाकार २.३९८. त्यास ६.१ ने गुणले असता १४.६ मीटर येतात. लांबीचा मध्य १५.२५ मीटरवर आहे. गुरुत्वमध्य त्याहून सुमारे ०.६ मीटर द्वाराकडे सरकला. गोल टोकाशी कोपरे नाहीत, हे त्याचे कारण. स्तूपाची वर्तुळाकार जागा वगळावयाची असेल, तर तिचे क्षेत्रफळ ऋण धरून हीच बेरीज करावी. मध्य द्वाराकडे आणखी सरकेल.

उत्तराची परीक्षा सोपी आहे. पुठ्ठा एका कोपऱ्यापाशी टांगून त्याच टाचणीला ओळंबा सोडावा व रेषा आखावी. मग दुसऱ्या बिंदूपासून तसेच करावे. दोन रेषा जेथे छेदतात तो गुरुत्वमध्य. गवंड्याच्या बोलीतला हा ‘ओळंबा’ संस्कृत ‘अवलंब’ ह्याचा वंशज आहे, आणि टांगण्याचा अर्थ त्याने जपून ठेवला आहे.

हा बिंदू पदार्थात असलाच पाहिजे, असेही नाही. अजिंठ्याची लेणी ज्या कड्यात कोरली आहेत, तो वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा वळला आहे. तार तशी अर्धवर्तुळात वाकविली, तर तिचा मध्य वर्तुळकेंद्रापासून त्रिज्येच्या ०.६३७ पट अंतरावर, तारेच्या आत मोकळ्या जागेत पडतो.

संज्ञा रूढ आहे. ती बदलण्याचे कारण नाही. परंतु व्याख्येच्या पहिल्याच वाक्यात परिबलाचा उल्लेख असावा. भाषेनेही त्याची सोय करून ठेवली आहे. ‘तोल गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा वजन कमीजास्त झालेले नसते. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पायांच्या आधाराबाहेर गेलेली असते. ‘मध्य’ ह्या शब्दाने जे झाकले, ते ‘तोल’ ह्या शब्दाने उघड ठेवले आहे.