मांजर घरात घाण करते? आधी कारण शोधा

आंबी (ता. मावळ) - मृगाचा पाऊस सुरू झाला, की मावळातील भातखाचरे पाण्याने भरतात आणि अंगणात चिखल होतो. एरवी परसातील भुसभुशीत माती उकरून विधी उरकणारे मांजर अशा वेळी कोरडी जागा शोधत घरात शिरते आणि पोत्यांमागे किंवा पायपुसण्यावर घाण करते. तळेगाव दाभाडेलगतच्या आंबी परिसरात औद्योगिक वसाहत आली, सदनिका उभ्या राहिल्या. जेथे अंगणच उरले नाही, तेथे मांजराची ही पावसाळी अडचण बारमाही झाली आहे.

मांजर मुद्दाम घाण करते, डूख धरते, असा सार्वत्रिक समज आहे. त्याचा शेवट अनेकदा मांजराला पोत्यात घालून दूर सोडून देण्यात होतो. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला सबळ कारणाविना टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय हा समजही खोटा आहे. विष्ठा मातीने झाकणे ही मांजराची उपजत सवय. ती मोडली, तर त्यामागे आजार, गैरसोय किंवा भीती असते.

आधी पशुवैद्यक

मूत्रमार्गाचा दाह, मूत्रखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा म्हातारपणची सांधेदुखी यामुळे मांजर पेटी टाळते. पेटीत वेदना झाल्या, की ते त्या जागेचाच धसका घेते. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत हे जिवावर बेतते. अशा वेळी तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. माणसांसाठीची पॅरासिटामोलची गोळी मांजराला विषासमान असते. ती कदापि देऊ नये.

पेटी कशी असावी?

आजार नसल्यास पेटीकडे पाहावे. १९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लोव यांनी पाणी शोषणारी माती मांजरांसाठी विकण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी तेथेही राख आणि वाळूच वापरली जाई. आज बेंटोनाइट ही ओली होताच गोळा होणारी माती बाजारात मिळते. ती परवडत नसल्यास चाळलेली बारीक, कोरडी वाळूही चालते. मावळात ती पावसाळ्यापूर्वीच घमेल्यात भरून आडोशाला ठेवावी.

- पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी. मातीचा थर तीन ते पाच सेंटीमीटर.
- मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त ठेवावी आणि पेट्या वेगवेगळ्या जागी असाव्यात.
- जागा शांत हवी. धुलाई यंत्राशेजारी किंवा जेवणाच्या ताटलीजवळ पेटी नको.
- म्हाताऱ्या मांजरासाठी कमी उंचीच्या कडेची पेटी घ्यावी.
- घाण रोज काढावी. विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. गर्भवती महिलांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.
- माती बदलायची झाल्यास जुन्या मातीत नवी थोडी थोडी मिसळत जावी.

फिनेल नको

घाण झालेली जागा फिनेलने पुसण्याची आपली सवय येथे नडते. फिनॉलयुक्त द्रव्ये मांजराला घातक असतात; पाय चाटताना ती पोटात जातात. अमोनियायुक्त द्रव्यांचा वास तर लघवीसारखाच असल्याने मांजर पुन्हा तेथेच वळते. विकरयुक्त क्लीनर वापरल्यास वास मुळापासून जातो.

उभ्या भिंतीवर शेपटी थरथरवत मारलेली पिचकारी हा मात्र वेगळा प्रकार आहे. ती हद्दीची खूण असते. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. नवे मांजर, घरबदल किंवा खिडकीबाहेरचा परका बोका यांच्या धास्तीनेही असे घडते.

मारणे किंवा घाणीत नाक घासणे यांतून मांजर काहीच शिकत नाही. उलट माणसाला घाबरून ते आणखी आडजागा शोधते. पेटी, जागा आणि माती यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काही दिवस वाट पाहावी. नेमके काय खटकत होते, ते त्यातूनच कळते.